मोजपट्टी कुणाची? मुलांच्या वाढीचा हिशेब आणि पुण्यातील एक संशोधन

घरात मूल जन्मले की त्याचे वजन साऱ्या मोहल्ल्याला कळते. नानी सांगते, फुफी सांगते. पहिली दोन वर्षे लसीच्या कार्डावर ते वजन चढत राहते. मूल शाळेत जाऊ लागले की हा हिशेब बंद पडतो. नांदेड किंवा लातूरमधल्या एखाद्या पालक सभेत सहज विचारून पाहा, "तुमच्या मुलीची उंची किती सेंटीमीटर?" मुलीचे गुण सांगतील, ट्यूशनची फी सांगतील, पण उंचीचा आकडा क्वचितच कुणाला सांगता येईल.

आणि उंची हा मुलाच्या तब्येतीचा सर्वात स्वस्त दाखला आहे. त्याला सुई लागत नाही, पैसा लागत नाही. भिंत, टेप आणि पेन्सिल एवढ्यावर काम भागते. मात्र मोजल्यानंतर एक प्रश्न उभा राहतो: हा आकडा चांगला की वाईट, हे कशावरून ठरवायचे? मोजपट्टी कुणाची धरायची? याच प्रश्नावर पुण्यातील एका डॉक्टर दांपत्याने अनेक वर्षे काम केले. त्यांच्या शोधनिबंधांची यादी आम्ही आमच्या वाचकांसाठी उलगडून पाहिली. ती डॉक्टरांसाठी लिहिलेली असली तरी तिच्यातला प्रत्येक प्रश्न आपल्या घरातला आहे.

एकाच दोरीची दोन टोके

डॉ. वामन खाडिलकर हे मुलांच्या संप्रेरकांचे तज्ज्ञ आणि डॉ. अनुराधा खाडिलकर या बालरोगतज्ज्ञ व संशोधक. दोघांचे काम पुण्याच्या जहांगीर रुग्णालयात आणि त्याच्याशी जोडलेल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत चालते. संप्रेरक म्हणजे ज्याला आपण हार्मोन म्हणतो ते. मेंदूखालची पिट्यूटरी, गळ्यातील थायरॉईड, पोटातील स्वादुपिंड, मुलींचे अंडाशय, मुलांचे वृषण या ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात. मूल किती उंच होईल, कधी वयात येईल, मुलीची पाळी वेळेवर येईल का, पुढे तिला मूल होण्यात अडचण येईल का, हे बरेचसे या रसांच्या हातात असते.

म्हणून वाढ आणि प्रजनन हे दोन वेगळे विषय नाहीत. एकाच दोरीची ती दोन टोके आहेत. वयात येताना जी संप्रेरके मुलीला झटकन उंच करतात, तीच पुढे हाडांची टोके बंद करतात आणि उंची थांबवतात. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची साधारण ५ ते ७ सेंटीमीटरच वाढते. यावरून एक गोष्ट लक्षात यावी. जी मुलगी फार लवकर वयात येते ती चौथीत सर्वांपेक्षा उंच दिसते, घरचे खूश होतात. पण तीच मुलगी दहावीत सर्वांपेक्षा ठेंगणी राहू शकते.

उधारीची मोजपट्टी

एके काळी आपल्याकडचे डॉक्टर मुलांची वाढ इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवर तपासत. पुढे डॉ. के. एन. अगरवाल यांनी भारतीय मुलांचे तक्ते दिले. त्यातली मोजमापे १९८९ ते १९९१ या काळातली होती. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००७ साली वाढीवर लक्ष ठेवण्याचे नियम छापले तेव्हा मोठ्या मुलांसाठी याच तक्त्यांचा आधार घेतला. त्या नियमांच्या लेखकांत डॉ. वामन व डॉ. अनुराधा खाडिलकर होते.

पण देश बदलत होता. खाणे बदलले, चालणे कमी झाले. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मुलांवरून आजच्या मुलांना मोजायचे कसे? २००९ साली खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी 'इंडियन पेडियाट्रिक्स' या मासिकात नवे तक्ते प्रसिद्ध केले. देशाच्या पाच विभागांतील शाळांमधून अठरा हजारांहून जास्त मुलामुलींची उंची-वजने त्यासाठी घेतली होती. त्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये त्याच मासिकात संघटनेचे सुधारित तक्ते आले. ते तयार करणाऱ्या समितीचे काम डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने झाले. देशभरातील ८७,०२२ मुलामुलींची मोजमापे गोळा करून, अनेक गाळण्या लावून, शेवटी ३३,१४८ जणांची मोजमापे त्यात घेतली गेली. आज ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ हेच तक्ते वापरतात. पाच वर्षांखालच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते आहेत. ते सहा देशांतील बाळांवरून काढलेले असून त्यात दिल्लीची बाळेही आहेत.

या कामातल्या दोन गोष्टी आम्हाला फार मोलाच्या वाटतात.

पहिली गोष्ट अशी, की मोजपट्टी खात्यापित्या घरातील मुलांवरून काढली. "मग ती गरिबाच्या मुलाला कशी लागू होईल?" असे कुणीही विचारेल. उत्तर सरळ आहे. पोटभर खाणारे, आजारी नसलेले भारतीय मूल किती वाढू शकते, हे त्या मुलांवरून कळते. तेवढे वाढण्याचा हक्क इतवाऱ्यातील हमालाच्या मुलालाही आहे. गरिबाच्या मुलासाठी आखूड मोजपट्टी केली तर त्याची उपासमार कागदावर दिसणारच नाही. "आपल्यातली मुले अशीच बारीक असतात," असे म्हणून आपण पुढे जातो, तेव्हा आपण हीच आखूड मोजपट्टी वापरत असतो.

दुसरी गोष्ट वजनाची. शहरातील पुष्कळ मुले आता जाड झाली आहेत. त्यांना धरून सरासरी काढली असती तर जाडेपणाच 'नॉर्मल' ठरला असता. म्हणून उंचीच्या मानाने ज्यांचे वजन फारच जास्त, अशी मुले मोजपट्टी करताना बाजूला ठेवली. भारतीय शरीरात कमी वजनावरही मधुमेहाचा धोका सुरू होतो, हे ओळखून जाडेपणाच्या रेषाही खाली आणल्या. पाश्चात्त्य हिशेबात मोठ्या माणसाच्या २५ आणि ३० या बीएमआयवर ज्या रेषा येतात, त्या इथे २३ आणि २७ वर धरल्या. गुबगुबीत मुलाला "माशाअल्लाह, तब्येत चांगली" म्हणण्यापूर्वी एकदा तक्ता पाहावा, असा त्याचा अर्थ.

मोजपट्टी बदलली की आकडे किती बदलतात, याचे आणखी एक उदाहरण मुंबईचे आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या डॉ. बीना जोशी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींमध्ये पीसीओएसचा अभ्यास केला. या विकारात पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर केस येतात, वजन वाढते. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एका निकषाने २२.५ टक्के मुलींना हा विकार होता, दुसऱ्या निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच होत्या, फक्त पट्टी वेगळी. म्हणून एखाद्या सोनोग्राफीच्या एका ओळीवरून मुलीला 'मूल होणार नाही' असा शिक्का कुणी मारत असेल तर घाबरू नये. तज्ज्ञाकडे जावे, पाळीचा इतिहास, तपासण्या आणि वजन सगळे एकत्र पाहून निर्णय होऊ द्यावा.

ऊन, ताक आणि लाडू

उंचीचा प्रश्न पुढे हाडांपर्यंत गेला. २००७ साली डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातील गरीब घरांतल्या किशोरवयीन मुलींविषयी लिहिले. खाण्यात कॅल्शियम कमी आणि रक्तात ड जीवनसत्त्वही कमी, असे चित्र निघाले. मग २०१० साली पन्नास मुलींच्या एका छोट्या अभ्यासात ड जीवनसत्त्व देऊन पाहिले. ज्या मुलींची पाळी सुरू होऊन दोन वर्षे झालेली नव्हती, त्यांच्या हाडांना फायदा दिसला. म्हणजे हाडे भरण्याचीही एक वेळ असते. आपल्याकडे नेमक्या याच वयात मुलीचे बाहेर खेळणे बंद होते आणि ताटातले दूध भावाकडे जाते.

त्याच वर्षी एक साधा अभ्यास झाला. पाळणाघराच्या अंगणात उन्हात खेळणारी लहान मुले आणि वस्तीतल्या अंधाऱ्या खोलीत दिवस काढणारी लहान मुले यांची तुलना केली. उन्हातल्या मुलांत ड जीवनसत्त्व चांगले होते. आत राहणाऱ्यांत मुडदूस जास्त आढळला. मँचेस्टरचे हाडांचे तज्ज्ञ डॉ. झुल्फ मुघल या कामात सोबत होते. २०११ साली याच चमूने गरीब घरांतील दोन-तीन वर्षांच्या मुलांना कॅल्शियम घातलेले धान्य-डाळीचे लाडू दिले, सोबत ड जीवनसत्त्वही. लाडूंचा फायदा हाडांच्या मोजणीत दिसला. संशोधन म्हणजे नेहमी महागडे यंत्र असे नाही. प्रश्न नेमका असेल तर लाडूही शोधनिबंधाचा विषय होतो.

मराठवाड्याला उन्हाची काय कमतरता? पण आपली मुले उन्हात असतात कुठे? लातूरमध्ये बारावी आणि नीटच्या तयारीसाठी दूरदूरची मुले येऊन राहतात. सकाळी क्लास, दुपारी अभ्यासिका, रात्री खोली. कित्येकांसाठी हीच वाढीची शेवटची वर्षे असतात. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक जास्त सुटते, आणि नेमकी झोपच कापली जाते. पालकांनी मेसचा डबा ठरवताना त्यात दही-ताक आहे का, हे विचारावे. नांदेडच्या जुन्या वस्तीत अंगण नसले तरी गच्ची असते. घरातल्या मुलींना गच्चीवर, पडद्याची अडचण न होता, हातपाय उघडे ठेवून रोज थोडा वेळ ऊन मिळू शकते. ज्वारीच्या भाकरीसोबत तिळाची चटणी, पेलाभर ताक, आठवड्यातून दोन-तीनदा अंडी हे बहुतेक घरांना परवडण्यासारखे आहे.

जिथे गोष्ट लपवली जाते

खाडिलकरांच्या यादीत २०२० सालचा एक निबंध टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींच्या वाढीवर आहे. पश्चिम भारतातील अशा मुलींसाठी त्यांनी खास तक्ता काढला. हा विकार साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीत असतो. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पूर्ण नसते किंवा अपुरे असते. मुलगी ठेंगणी राहते आणि बहुधा आपोआप वयात येत नाही. बुद्धी सहसा चांगली असते, शाळेत ती नीट शिकते. म्हणून कुणाला शंका येत नाही.

अशा मुलीचे पुढे काय होते, हे आपण सर्वांनी कुठे ना कुठे ऐकलेले आहे. "लहान चणीची आहे, वाढेल," म्हणत वर्षे जातात. पंधरा-सोळा वर्षे होतात, पाळी येत नाही. अम्मीला माहीत असते, पण ती खालालाही सांगत नाही. मग निकाह होतो, सासरी गोष्ट उघड होते आणि मुलगी परत येते. दोष तिचा नसतो, तिच्या आईचाही नसतो. हेच निदान सहा-सात वर्षांच्या वयात झाले असते तर वाढीच्या संप्रेरकाने उंची सुधारता आली असती, योग्य वयात गोळ्या देऊन तिला वयात आणता आले असते, हृदय आणि मूत्रपिंडाची तपासणी झाली असती. निदानासाठी लागते ती रक्तातील गुणसूत्रांची तपासणी. आणि तिच्यापर्यंत पोहोचवणारी पहिली खूण म्हणजे उंची.

थायरॉईडचेही तसेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ ते २०१२ या काळात पाच महानगरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली. साधारण ११०० बाळांमागे एकाला जन्मतःच थायरॉईडची कमतरता आढळली. बाळाच्या टाचेतील रक्ताच्या काही थेंबांत हे कळते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धी वाचते. उशीर झाला तर गेलेली बुद्धी परत येत नाही. बाळंतपणासाठी दवाखाना ठरवताना "बाळाची थायरॉईड तपासणी होते का?" हा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी जरूर विचारावा.

मोठ्या मुलांतही थायरॉईड मंद होऊ शकते. आमच्या वर्गात सहावीत एक मुलगी होती. सदा झोपाळू, चेहरा सुजल्यासारखा, कोरडी त्वचा, आणि बाकावर बसली की तिसरीतली वाटावी. घरचे म्हणत, "सुस्त आहे, सर." तपासणीत थायरॉईड निघाले. रोज एक स्वस्त गोळी. वर्षभरात तिचा गणवेश आखूड झाला आणि तिच्या अब्बांनी कुरकुर न करता नवा शिवला.

ज्या मुलांना टाइप १ मधुमेह आहे, तीही उंचीत मागे पडतात, असे खाडिलकरांच्या २०१३ च्या निबंधात दिसते. अशा मुलाचे इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून, कोणत्याही जडीबुटीच्या भरवशावर, एक दिवसही बंद करू नये. त्यात जीव जातो.

घरच्या घरी

मोजायचे कसे? मूल अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे करावे. टाचा, पाठ आणि डोके भिंतीला टेकलेले, नजर समोर. टोपी, अंबाडा, हेअरबँड काढावा. डोक्यावर एक जाड पुस्तक आडवे, भिंतीला काटकोनात धरावे आणि खालच्या कडेशी पेन्सिलने खूण करावी. जमिनीपासून खुणेपर्यंत टेपने मोजावे. तारखेसह वहीत लिहावे. वर्षातून दोनदा पुरे: एकदा जूनमध्ये शाळा उघडताना, एकदा जानेवारीत.

आता आकड्याचा अर्थ. जन्मताना बाळ सुमारे ५० सेंटीमीटर असते. पहिल्या वर्षी ते २५ सेंटीमीटरच्या आसपास वाढते. चार वर्षांचे झाले की सुमारे १०० वर पोहोचते. त्यापुढे वयात येईपर्यंत वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर. वर्षभरात चारही सेंटीमीटर वाढले नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडे याची एक जुनी खूण आहेच. गेल्या ईदचा पायजमा या ईदला आखूड व्हायला हवा. दोन ईद तोच बसत असेल तर काटकसरीचा आनंद मानू नये.

आई-वडिलांच्या उंचीवरूनही अंदाज बांधता येतो. दोघांच्या उंचीची बेरीज करा. मुलीसाठी त्यातून १३ वजा करा, मुलासाठी १३ मिळवा, आणि दोनाने भागा. अब्बा १६५ आणि अम्मी १५० असतील तर मुलीचे लक्ष्य १५१, मुलाचे १६४. सहा-सात सेंटीमीटर इकडे तिकडे चालते. आई-वडील ठेंगणे असतील तर मूल ठेंगणे असणे हा आजार नाही. तक्त्यावर ३, १०, २५, ५० अशा रेषा असतात. शंभर मुले उंचीने ओळीत उभी केली तर आपले मूल कितवे, एवढेच त्या सांगतात. मूल तिसऱ्या रेषेखाली असेल, किंवा वरच्या रेषेवरून घसरत खालच्या रेषेवर येत असेल, तर कारण शोधावे.

वयाचेही पाहावे. मुलीत आठ वर्षांपूर्वी किंवा मुलात नऊ वर्षांपूर्वी वयात येण्याची चिन्हे दिसली, अथवा मुलीत तेरा आणि मुलात चौदा वर्षांपर्यंत काहीच दिसले नाही, तर दाखवावे. आणि एक विनंती: मुलाच्या जन्माची खरी तारीख जपून ठेवा. शाळेत घालायचे म्हणून १ जून लिहिलेल्या किती पिढ्या आपल्याकडे आहेत! वयच चुकीचे असेल तर कितीही चांगला तक्ता चुकीचेच उत्तर देईल.

सुरुवात जवळच्या बालरोगतज्ज्ञापासून करावी. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय आयुर्विज्ञान संस्था आहे. शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. बहुतेक मुलांचे उत्तर तिथेच मिळते. पुण्या-मुंबईची वाट थोड्यांनाच धरावी लागते.

यादीत नसलेली नावे

२०१५ चे तक्ते ज्या चौदा शहरांतील मुलांवरून झाले, त्यांत महाराष्ट्रातून मुंबई आणि पुणे आहेत. नांदेडकरांना जवळचे म्हणावे तर हैदराबाद आहे. नांदेड नाही, लातूर नाही. मोजपट्टी आपल्या मुलांना लागू पडते, त्यात अडचण नाही. पण त्या मोजपट्टीवर मुखेडची, औशाची, उदगीरची, देगलूर नाक्याची मुले कुठे उभी आहेत, हे पुण्यात बसून कुणाला कळणार नाही. ते इथेच मोजावे लागेल.

वैद्यकीय महाविद्यालयांतील तरुण डॉक्टरांना प्रबंधासाठी विषय लागतो. शाळांना वर्षातून दोन तास लागतील. डी.एड., बी.एड. झालेल्या शिक्षकाला सेंटीमीटर वाचता येतात. पालकांची संमती घेऊन, मुलांची नावे झाकून, दर वर्षी नीट लिहिलेल्या नोंदी दहा वर्षे टिकल्या तर मराठवाड्याच्या मुलांविषयी बोलायला आपल्याकडे अंदाजाऐवजी आकडे असतील. आपल्या शाळेतून, मदरशातून, अंजुमनच्या बैठकीतून हा विषय निघावा असे आम्हाला वाटते.

तोपर्यंत घरातली भिंत आहे. मुलाची खूण जिथे कराल तिथेच, त्याच दिवशी, त्याच पेन्सिलीने मुलीचीही करा.